जुन्या मर्सिडीजला नवी चाकं लावताना बोल्ट कसे निवडायचे

साताऱ्याहून परत येताना खंबाटकीचा बोगदा मागे पडला आणि स्टिअरिंगला बारीक थरथर जाणवायला लागली. चाकं नवी बसवून चारच दिवस झाले होते, म्हणून मी बॅलन्सिंगला दोष दिला. शिरवळपर्यंत थरथर सीटमध्ये उतरली. गाडी बाजूला घेऊन पुढच्या डाव्या चाकाला हात लावला, तर पाचपैकी दोन बोल्ट बोटांनी फिरत होते.

गाडी १९९६ ची ई२२०, म्हणजे पिंपरीला टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) आवारात जोडली गेलेली डब्ल्यू१२४. चाकं सोळा इंची, बाहेरच्या कंपनीची, सेकंडहँड. बोल्ट मात्र गाडीचे मूळचे होते. बसवणारा म्हणाला होता, "बोल्ट तेच चालतात साहेब, गाडीचेच आहेत." ते मलाही पटलं होतं, आणि चूक तिथेच झाली. बोल्ट गाडीला चालतो की नाही, एवढं पाहून भागत नाही. तो आधी चाकाला चालावा लागतो. आटे हबचे, म्हणजे चाक ज्या फिरत्या गोल तोंडावर बसतं त्याचे असतात, पण बैठक (डोक्याखालचा चाकाला टेकणारा भाग) आणि लांबी चाक ठरवतं. चाक बदललं की बोल्टचा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून सोडवायचा.

हा लेख त्यासाठी आहे. मी आकडे डब्ल्यू१२४ चे देतो, कारण ती गाडी मी रोज हाताळतो. त्याआधीच्या डब्ल्यू१२३ लाही ११२ चं पीसीडी (बोल्टची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा मिमीमधला व्यास) आणि एम१२ चेच, म्हणजे १२ मिमी जाडीचेच बोल्ट आहेत. तुमच्याकडे १९६८ नंतरची चार बोल्टची बीटल असेल तर पद्धत हीच, आकडे वेगळे: पीसीडी १३०, बोल्ट एम१४ × १.५. ॲम्बॅसडर किंवा मारुतीसारख्या, हबमधून स्टड बाहेर आलेल्या आणि नटने चाक आवळणाऱ्या गाड्यांना लांबीचा भाग लागू नाही, बैठकीचा मात्र पूर्ण लागू आहे.

आधी एवढं समजून घ्या

बहुतेकांना वाटतं की गाडीचं वजन बोल्टच्या दांड्यांवर टेकलेलं असतं. तसं नसतं. बोल्ट आवळला की तो रबरासारखा किंचित ताणला जातो आणि चाकाला हबवर दाबून धरतो. त्या दाबामुळे चाकाची पाठ आणि हबचा चेहरा यांच्यात जे घर्षण तयार होतं, ते गाडी पेलतं, ब्रेकचा मार झेलतं. डब्ल्यू१२४ चे बोल्ट ११० न्यूटन-मीटरला आवळायचे असतात. कोरड्या, स्वच्छ आट्यांवर त्या टॉर्कला (पिळाच्या जोराला) एकेका बोल्टमध्ये साधारण ४५ किलोन्यूटन, म्हणजे साडेचार टनांच्या आसपास ओढ तयार होते. पाच बोल्टांची मिळून बावीस टनांच्या वर. दीड टनाच्या आतल्या गाडीला ही पकड भरपूर झाली.

पण ही ओढ टिकायची तर बोल्टचं डोकं चाकात पूर्ण टेकलं पाहिजे. ते नुसत्या कडेवर टेकलं, तर चाकाचं अॅल्युमिनियम तिथे दबतं. मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकं दबलं तरी ताणलेला बोल्ट सैल पडतो, घर्षण जातं, चाक हबवर सूक्ष्म सरकायला लागतं आणि मग बोल्ट आपोआप उलटे फिरतात. शिरवळला माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं.

पहिलं काम: चाक या गाडीचं आहे का ते बघा

बोल्टच्या दुकानात जाण्याआधी चाक जमिनीवर पालथं घाला. पाच भोकांचं पीसीडी थेट मोजता येत नाही, कारण एका भोकासमोर दुसरं भोक नसतं. म्हणून शेजारच्या दोन भोकांमधलं अंतर व्हर्नियरने (सरकत्या जबड्याच्या मोजपट्टीने) मोजायचं: एकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत. त्याला १.७०१ ने गुणायचं. ६५.८ मिमी आलं तर पीसीडी ११२, आपलं. ६७.२ आलं तर ११४.३, आणि ते चाक टोयोटा, होंडा, ह्युंदाई या घराण्यातलं.

हा दीड मिलिमीटरचाही फरक नाही, आणि म्हणूनच घात होतो. नाना पेठेत किंवा कुर्ल्याला ११४.३ ची चाकं ढिगाने मिळतात, आणि भोकं बोल्टपेक्षा थोडी मोठी असल्याने बोल्ट आत जातोही. तो तिरका आवळला जातो, डोक्याची एकच बाजू टेकते. अशा फरकासाठी हलत्या बैठकीचे बोल्ट विकले जातात. मी ते माझ्या गाडीला लावणार नाही, तुम्हालाही सुचवणार नाही. चाक परत करा.

मग मधलं भोक. डब्ल्यू१२४ चा हब ६६.६ मिमी. नंतरच्या पिढ्यांच्या ऑक्टाव्हियाच्या चाकाचं पीसीडीही ११२ च असतं, पण मधलं भोक ५७.१, त्यामुळे ते आपल्या हबवर चढतच नाही. भोक मोठं असेल तर मधे अचूक मापाची रिंग बसवा, नाहीतर चाक मध्यावर आणायचं काम बोल्टांवर पडतं आणि थरथर येतेच.

दुसरं काम: आटे

डब्ल्यू१२४ च्या हबचे आटे एम१२ × १.५. म्हणजे १२ मिमी जाडी आणि दोन आट्यांमध्ये दीड मिमी अंतर. फियाट पालिओचा बोल्टही १२ मिमीचाच, पण त्याची पिच, म्हणजे आट्यांमधलं अंतर, १.२५. दुकानदाराच्या डब्यात दोन्ही एकत्र पडलेले असतात आणि डोळ्यांना सारखेच दिसतात. चुकीचा बोल्ट दोनतीन फेरे हाताने जातो, मग घट्ट होतो. तिथे कुणी एअर गन चालवली की हबचे आटे गेलेच. म्हणून पिच गेज जवळ ठेवा. ते नसेल तर गाडीच्या मूळ बोल्टचे आटे नव्या बोल्टच्या आट्यांत अडकवून उजेडात धरा. मधून प्रकाश दिसला तर पिच वेगळी.

डोक्यावर १०.९ असा आकडा कोरलेला हवा. पहिला आकडा ताकदीचा: दर चौरस मिमीला १००० न्यूटनच्या घरात. दुसरा सांगतो की त्या ताकदीच्या ९० टक्क्यांपर्यंत बोल्ट ताणला तरी सोडल्यावर मूळ लांबीवर परत येतो. आकडाच नसलेला चकचकीत क्रोमचा बोल्ट कितीही देखणा असला तरी घेऊ नका.

भोसरीसारख्या कारखान्यांच्या भागात राहणाऱ्या माणसाला एक मोह हमखास होतो, की ओळखीच्या लेथवर बोल्ट बनवून घेऊ. करू नका. चांगल्या बोल्टचे आटे दाबून, म्हणजे रोलिंग करून काढलेले असतात. त्यात धातूचे तंतू तुटत नाहीत, आट्याच्या तळाशी वळतात. लेथवर कापलेल्या आट्यांत तेच तंतू कापले जातात, आणि चाकासारख्या सतत धक्के खाणाऱ्या जागी तडा तिथूनच सुरू होतो. मूळ बोल्टची गोल बैठक लेथवर निमुळती करून घेणंही त्याच कारणाने वाईट.

तिसरं काम: बैठक

इथे वेळ द्या. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

बोल्टच्या डोक्याखालचा जो भाग चाकाला टेकतो ती बैठक. आपल्याकडे दोन आकार भेटतात. एक निमुळती, गाजराच्या टोकासारखी, साठ अंशांची. बाहेरच्या कंपन्यांच्या बहुतेक चाकांना ही लागते. दुसरी गोल, चेंडूचा काप असावा तशी. मर्सिडीजची मूळ चाकं गोल बैठकीची असतात आणि डब्ल्यू१२४ ला त्या गोलाची त्रिज्या १२ मिमी आहे.

गोल म्हटलं की काम संपलं असं नाही. फोक्सवॅगन-ऑडीची बैठकही गोल, पण त्रिज्या १३. पुढच्या काळातल्या मोठ्या मर्सिडीजना एम१४ चे बोल्ट आले आणि त्रिज्या १४ झाली. त्यामुळे नव्या ई-क्लासचं किंवा ऑडी ए४ चं चाक पीसीडी आणि हबला जुळलं तरी आपला १२ त्रिज्येचा बोल्ट त्यात पूर्ण टेकत नाही. अशा चाकांसाठी दांडी एम१२ ची आणि बैठक मोठ्या त्रिज्येची, असे वेगळे बोल्ट मिळतात. तेच घ्यायचे.

चाकाची बैठक कोणती, हे डोळ्यांनी ठरवू नका. टूलरूममध्ये आम्ही दोन भाग नीट टेकतात का हे बघायला प्रशियन ब्लू (गडद निळा लेप) लावतो, तीच युक्ती इथे वापरा. चाकाचं भोक चिंध्यांनी कोरडं पुसा. बोल्टच्या बैठकीवर निळ्याचा अगदी पातळ हात फिरवा. निळं नसेल तर जाड मार्कर पेनही चालतं. बोल्ट भोकात सरळ ठेवा, अंगठ्याने दाबून पाव फेरा फिरवा आणि सरळ वर उचला. आता भोकात बघा. बैठक जुळत असेल तर निळा रुंद पट्टा उमटलेला दिसतो, चारी बाजूंनी सारखा. जुळत नसेल तर बांगडीच्या काठासारखी एकच बारीक रेघ दिसते.

मी घरी आल्यावर ते डावं चाक उतरवलं तेव्हा निळ्याची गरजच पडली नाही. पाचही भोकांत एकेक चमकती रेघ होती, अॅल्युमिनियममध्ये खोल रुतलेली, बाकी सगळी बैठक मळकट आणि न शिवलेली. गोल बोल्ट निमुळत्या बैठकीत चार दिवस एवढ्याशा रेघेवर उभा होता.

गोल बैठकीची त्रिज्या शोधायला रेडियस गेज उत्तम. ते नसेल तर बेअरिंगच्या दुकानातून २४ मिमी व्यासाची पोलादी गोळी आणा. त्रिज्या १२ म्हणजे व्यास २४, त्यामुळे ती गोळी १२ च्या बैठकीत पूर्ण बसते आणि निळ्याचा रुंद पट्टा देते. १३ साठी २६ ची गोळी, १४ साठी २८ ची.

चाकं पावडर कोटिंगला दिली असतील तर आणखी एक गोष्ट. कोटिंगवाले सहसा सगळ्या चाकावर एकसारखा फवारा मारतात, बैठकींवर आणि हबला टेकणाऱ्या पाठीवरसुद्धा. तो थर बोल्टच्या दाबाखाली चुरतो आणि वर सांगितलं तशी ओढ कमी होते. चाक देतानाच सांगा की भोकं आणि पाठ झाकून फवारा. रंग आधीच बसला असेल तर पेंट रिमूव्हरने काढा, घासून बैठकीचा आकार बिघडवू नका.

चौथं काम: लांबी

बोल्टची लांबी सांगताना डोकं आणि बैठक धरत नाहीत. बैठक संपते तिथपासून टोकापर्यंतची दांडी मोजतात. दुकानदाराला हे स्पष्ट सांगा, नाहीतर तो पूर्ण बोल्ट मोजून देतो.

किती लांबी हवी, हे काढायला पुस्तक लागत नाही. जुनं चाक पालथं घाला, त्याचा मूळ बोल्ट भोकातून घाला, खालून कुणाला तरी डोकं दाबून धरायला सांगा आणि चाकाच्या पाठीपासून बोल्टचं टोक किती वर येतं ते व्हर्नियरच्या शेपटीने मोजा. समजा २० मिमी आलं. आता नव्या चाकात त्याच्या बैठकीला जुळणारा कुठलाही एक नमुना बोल्ट घाला आणि तसंच मोजा. समजा १३ आलं, तर तुम्हाला नमुन्यापेक्षा ७ मिमी लांब दांडी हवी. पाठीपलीकडे दोन्ही वेळेला तीच डिस्क आणि तोच हब आहे, म्हणून ही तुलना चालते. नेमकं माप नाही मिळालं तर एखाद्या मिमीचा फरक चालून जातो, पण पुढची तपासणी करूनच.

तपासणी अशी. गाडी सपाट जागी, पुढच्या चाकांना दगड, मागची बाजू जॅकने उचलून खाली स्टँड. नुसत्या जॅकवर कधीही काम करू नका. चाक हबवर दाबून बसवा आणि बोल्ट हाताने फिरवत फेरे मोजा: आटे धरल्यापासून बैठक टेकेपर्यंत. एम१२ × १.५ ला किमान साडेसहा फेरे हवेत. मी आठ बघतो, कारण आठ फेरे म्हणजे १२ मिमी, बोल्टच्या जाडीइतकी पकड.

कमी लांबीचा धोका सगळ्यांना कळतो. जास्त लांबीचा कळत नाही. डब्ल्यू१२४ ला मागच्या डिस्कच्या पोटात पायाने दाबायच्या पार्किंग ब्रेकचे शू आणि स्प्रिंगा आहेत. लांब बोल्ट हबमधून पलीकडे निघून त्यांच्यावर घासतो. म्हणून मागची चाकं लावून बोल्ट हलके आवळल्यावर गिअर न्यूट्रलला घ्या, पार्किंग ब्रेक सोडा आणि चाक हाताने सावकाश पूर्ण फिरवा. कान जवळ ठेवा. प्रत्येक फेऱ्याला त्याच जागी टक किंवा खर्र आवाज आला तर बोल्ट लांब आहे. ब्रेक दाबून-सोडून पुन्हा ऐका. पुढच्या चाकांनाही हेच करा. चाक न लावता नुसते बोल्ट आवळून बघू नका. चाकाची जाडी मधे नसल्याने योग्य लांबीचा बोल्टही आत जाऊन आदळेल.

पाचवं काम: सॉकेट जातो का

मूळ बोल्टचं डोकं १७ मिमीचं. बाहेरच्या काही चाकांत बोल्टची विहीर इतकी अरुंद असते की साधा सॉकेट आत जात नाही, किंवा जाताना रंग खरवडतो. दुकानातच पातळ भिंतीचा सॉकेट घालून बघा. स्टेपनी बदलायचा पाना तिथे पोचतो का हेही बघा, कारण रात्री रस्त्यावर तुमच्याकडे तोच असणार आहे.

एवढं झालं की दुकानदाराला एका दमात सांगता येतं: एम१२ × १.५, साठ अंशांची निमुळती बैठक, दांडी इतके मिमी, डोकं १७, ग्रेड १०.९, वीस नग. यातली एक गोष्ट जरी तो "चालेल हो" म्हणून टाळायला लागला, तर दुसऱ्या दुकानात जा.

बसवताना

हबचा चेहरा तारेच्या ब्रशने गंज निघेपर्यंत घासा. आपल्या पावसात तीस वर्षं फिरलेल्या गाडीवर तिथे पापुद्रे असतातच, आणि पापुद्र्यावर आवळलेलं चाक पुढे सैल पडतं. हबचे आटे मळलेले असतील तर एम१२ × १.५ चा टॅप हाताने, सावकाश फिरवून साफ करा.

आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नका. हे सांगितलं की जुने मेकॅनिक नाराज होतात, कारण गंजलेले बोल्ट काढताना हाल त्यांचेच होतात. पण ११० हा आकडा कोरड्या आट्यांचा आहे. तेल लावलं की घर्षणात वाया जाणारी ताकद बोल्ट ताणण्यात जाते, आणि त्याच ११० ला ओढ ४५ ऐवजी ६० किलोन्यूटनपर्यंत पोचू शकते. बोल्ट त्याच्या सहनशक्तीच्या टोकाकडे जातो. ग्रीस लावायचंच असेल तर हबच्या मधल्या गोल ओठावर बोटभर लावा, म्हणजे पुढच्या वेळी चाक अडकणार नाही.

बोल्टच्या गाडीला चाक टांगायला स्टड नसतात, त्यामुळे भोक जुळवताना जड चाक मांडीवर धरून बसावं लागतं. एका जुन्या बोल्टचं डोकं कापून गुळगुळीत करा आणि तो सगळ्यात वरच्या भोकात हाताने फिरवून ठेवा. चाक त्यावर टांगा, बाकीचे चार बोल्ट हाताने लावा, मग तो काढून पाचवा लावा. पहिले काही फेरे प्रत्येक बोल्ट बोटांनीच फिरला पाहिजे.

आवळताना एक सोडून एक, चांदणी काढतो त्या क्रमाने. चाक हवेत असताना हलके, मग गाडी खाली टेकवून टॉर्क रेंचने आधी ६० ला आणि नंतर ११० ला. टायरवाल्याकडे गेलात तर त्याला नम्रपणे सांगा की एअर गन बोल्ट काढायला वापरा, लावताना पाना मला द्या. पहिल्यांदा सांगताना संकोच वाटतो. आता मी रेंच डिकीतच ठेवतो, आणि आमचा टायरवाला गन स्वतःहून बाजूला ठेवतो.

पन्नास ते शंभर किलोमीटर झाले की, चाकं थंड असताना, रेंच ११० ला लावून पाचही बोल्ट पुन्हा बघा. बोल्ट न हलता रेंचने क्लिक दिलं तर बैठक जमली. थोडा फिरला तर आणखी शंभर किलोमीटरनंतर परत बघा. दुसऱ्यांदाही फिरला तर चाक उतरवा आणि निळं लावून बैठक पुन्हा तपासा.

स्टेपनीचे बोल्ट

नवी चाकं लागली, पण डिकीतली स्टेपनी जुनीच आहे, बहुधा पोलादी. तिची चकती अॅल्युमिनियमच्या चाकापेक्षा पातळ आणि बैठक गोल. नव्या चाकाचे लांब, निमुळते बोल्ट तिला लावले तर एकतर ते टेकणार नाहीत किंवा मागे ब्रेकमध्ये घुसतील. म्हणून गाडीचे मूळ बोल्ट भंगारात देऊ नका. त्यातले पाच तेलकटपणा पुसून जाड कापडी पिशवीत बांधा आणि पिशवी स्टेपनीच्या मधल्या भोकात ठेवा, म्हणजे स्टेपनी उचलताना ती हाताला लागतेच. माझ्या पिशवीला पत्र्याचा बिल्ला आहे, त्यावर ठोकून लिहिलंय: "फक्त स्टेपनी. ११०." गाडी मुलगीही चालवते, आणि तिला पिशवी कुठे आहे हे मी अंधारात शोधायला लावून दाखवलं आहे.